चपला आणि विशेषणं बाहेर

माझ्या वर्गाच्या दारावर एक पाटी असायची. ‘चपला आणि विशेषणं बाहेर काढून ठेवावीत.’ बायका ती वाचून हसायच्या आणि चपला काढायच्या. विशेषणं काढायला त्यांना सहा-सहा महिने लागायचे, काहींची तर शेवटपर्यंत निघाली नाहीत. माझीही निघाली नव्हती, पण ते मला फार उशिरा कळलं आणि त्याची किंमत दुसऱ्याच बाईनं मोजली. तेच इथं सांगायचं आहे.

मी नाच शिकवत होते असं सांगितलं की लोक लगेच विचारतात, कथक की भरतनाट्यम? यातलं काहीच नाही म्हटलं की त्यांचा चेहरा उतरतो. नांदेडच्या एका शाळेत मी बावीस वर्षं गॅदरिंगचे नाच बसवले. बावीस वर्षं ‘हात सरळ’, ‘हसा गं’, ‘ती तिसरी मुलगी कोण आहे लाकडासारखी’, असं ओरडण्यात गेली. मग गुडघा गेला, नोकरी सोडली, आणि घरात एकटीच हळूहळू हातपाय हलवताना एक दिवस लक्षात आलं, की माझ्या डोक्यात अजून तीच बाई ओरडते आहे, आणि आता ती माझ्यावरच ओरडते आहे. त्या दिवशी मी तिला गप्प केलं नाही. नुसतं शरीराकडं बघत राहिले. खांदा वर आहे, आहे. पाय घसटतोय, घसटतोय. थोड्या वेळानं ती बाई आपोआप थांबली. मला रडू आलं, आणि तेही मी नुसतं बघितलं.

मग मी हेच शिकवायला लागले. नांदेडला एका बंद पडलेल्या व्यायामशाळेचा हॉल भाड्यानं घेतला. तिथं भिंतभर आरसे होते, त्यावर घरच्या जुन्या चादरी टाकल्या. वर्गाची रीत अगदी साधी होती. मोबाइलवर तंबोरा लावायचा, डोळे अर्धे मिटायचे आणि चाळीस मिनिटं शरीर जसं हलेल तसं हलू द्यायचं. ते हलताना आपण त्याच्याकडं बघायचं, पण त्याला चांगलं-वाईट म्हणायचं नाही. नंतर गोल करून बसायचं आणि प्रत्येकीनं काय दिसलं ते एका वाक्यात सांगायचं. ‘माझा उजवा खांदा कानाजवळ होता.’ हे चालेल. ‘माझा खांदा घाणेरडा दिसत होता.’ हे नाही चालणार. ‘छान वाटलं’ हेही नाही चालणार. ‘कारण’ हा शब्द नाही. एकीच्या वाक्यावर दुसरीनं प्रश्न विचारायचा नाही, आणि मीही विचारायचा नाही. मी ते वाक्य तारीख घालून वहीत लिहायची आणि म्हणायची, ‘पुढची.’

आपल्याकडं बाईला जन्मापासून तिच्या चालण्याबद्दल, बसण्याबद्दल, हसण्याबद्दल कुणी ना कुणी ऐकवत असतं. आयुष्यात एकदा तरी तिनं स्वतःचं शरीर निकाल न लावता बघावं, एवढंच मला हवं होतं. आणि ते व्हायचं. पन्नाशीच्या बायका वर्गात पहिल्यांदा हात पूर्ण वर करायच्या आणि तसाच ठेवून उभ्या राहायच्या. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही.

पण या कामाची एक बाजू मी जाहिरातीत कधी लिहिली नाही. तीन-चार आठवडे झाले की बायका नाचता नाचता मागं वळून बघायला लागतात. स्वतःकडं बघायची सवय लागली की बघणारी वेगळी होते, आणि ती कुठंतरी उभी आहे असं वाटू लागतं. कुणी म्हणायची डोक्याच्या वर, कुणी म्हणायची पाठीशी. मी सगळ्यांना सांगायची, घाबरू नका, ती तुम्हीच आहात. माझी स्वतःची दाराजवळ डावीकडं उभी असायची. पहिली दोन वर्षं मी दाराकडं पाठ करून नाचले नाही. हे मात्र मी कुणाला सांगितलं नाही.

नांदेडच्या वर्गात एकच पुरुष होता, गंगाधरराव. मूळचे जळकोटचे, एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त होऊन मुलाकडं नांदेडला आले होते. गुडघ्याच्या डॉक्टरनं त्यांना माझ्याकडं पाठवलं होतं. बायकांच्या वर्गात अवघडून एका कडेला हलायचे. पण खिडकीपासून तिसऱ्या फरशीजवळ आले की त्यांचा उजवा पाय पुढं जाऊन जोरात दाबला जायचा. गोलात त्यांचं वाक्य ठरलेलं, “माजा उजवा पाय ब्रेकवर गेला.” मी लिहायची आणि म्हणायची, पुढची. महिनाभरात असं झालं की बायका त्या फरशीला वळसा घालून जायला लागल्या. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. एकदा नवीन आलेली एक मुलगी डोळे मिटून नेमकी त्या फरशीवर जाऊन उभी राहिली. गंगाधररावांचा पाय इतक्या जोरात आपटला की हॉलमधल्या सगळ्यांचे डोळे उघडले. तिचे नाही उघडले, पण ती एक पाऊल बाजूला झाली, जसं आपण कुणाला वाट देतो.

तीस वर्षांच्या नोकरीत रस्त्यावर त्यांच्यापुढं कोण आलं होतं, मी विचारलं नाही. वर्षभरानं एक दिवस ते गोलात म्हणाले, “आज पाय गेला न्हाई.” त्यानंतर ते वर्गाला आले नाहीत, आणि घरी मजेत आहेत असं कळलं. ही गोष्ट मी पुढं शंभर जणांना सांगितली असेल. बघा, न विचारता माणूस मोकळा होतो, असं शेवटी जोडून. त्या एका गोष्टीनं मला फार शहाणं करून ठेवलं.

त्यानंतर मी लातूरला वर्ग सुरू केला. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळच्या बसनं जायची आणि दुपारच्या बसनं परत यायची. हॉल पिठाच्या गिरणीवर होता. पहिल्या दिवशी खाली गिरणी सुरू झाली, फरशी थरथरली आणि चौदा बायका एकदम खाली बसून जिन्याकडं बघायला लागल्या. लातूरच्या माणसाला याचं कारण विचारावं लागत नाही. मी गिरणीवाल्याला सांगून अकरा ते साडेबारा गिरणी बंद ठेवायची ठरवली, आणि त्यानंही एका शब्दात होकार दिला.

वर्गात बहुतेक शिकवणीवाल्या मुलांच्या आया होत्या. मुलांना लातूरला क्लास लावायचा म्हणून गावाकडची शेती नवऱ्यावर सोडून खोली करून राहिलेल्या. मुलं एकदा क्लासला गेली की दुपारपर्यंत त्यांना काम नसायचं. सुरेखा त्यातलीच, शिरूर अनंतपाळकडची. तिनंच एक दिवस शाहीनला आणलं. “बाई, ह्या आमच्या बांगड्यावाल्या भाभी. बसून बसून खांदा धरलाय यांचा.”

शाहीन शेहेचाळीस वर्षांची होती. तिच्या सासरच्यांचं बाजारात बांगड्यांचं दुकान, चार पिढ्यांचं. काचेची बांगडी भरणं हे काम आपण रोज बघतो पण बघत नाही. बांगडी भरणारी आपल्या डाव्या हातानं गिऱ्हाइकाचा पंजा गोळा करते, अंगठ्यानं तळव्याचं हाड आत दाबते, आणि उजव्या हातानं बांगडी सरकवते. सगळी कला डाव्या हातात असते. शाहीनला हे तिच्या सासूनं शिकवलं होतं. सासूला सगळे अम्मा म्हणायचे. अम्मा आदल्या वर्षी वारल्या होत्या, आणि आता नवरीचा चुडा भरायला आसपासच्या गावांतून लोक शाहीनकडं यायचे. घर तिच्या हातावर चालत होतं, असं तिचे नवरे हमीदभाई स्वतः सांगायचे.

पहिले दोन महिने तिनं खांद्याचीच वाक्यं सांगितली. मग एक दिवस म्हणाली, “माजा डावा हात मागं ऱ्हायला.” मी लिहिलं आणि म्हटलं, पुढची.

काही दिवसांनी तिच्या डाव्या हाताची एक हालचाल सुरू झाली. हात पुढं यायचा, पंजा अर्धा मिटायचा आणि अंगठा हवेत काहीतरी दाबायचा. बांगडी भरताना समोरच्या बाईचा हात धरावा, अगदी तसा. पण समोर कुणी नसायचं. तसाच हात पुढं ठेवून ती सावकाश चालायची, डावा पाय जरा मागून यायचा, आणि बघणाऱ्याला वाटायचं, ती कुणालातरी धरून नेते आहे. त्या दिवशीचं तिचं वाक्य होतं, “डाव्या हातानं कुणाचा तर हात धरला.”

कुणाचा, हे विचारायचं नव्हतं. मी विचारलं नाही.

मी हजारो शरीरं हलताना बघितली आहेत, पण तसं मी कधी बघितलं नव्हतं. ती चालायला लागली की बाकीच्या बायका दोघींपुरती जागा सोडायच्या. सुरेखा एकदा डोळे अर्धे मिटून येता येता शाहीनच्या हातापाशी थबकली आणि “असू द्या, असू द्या” असं पुटपुटत मागं सरकली. मीसुद्धा त्या मोकळ्या जागेतून कधी गेले नाही. माझ्या अंगावर काटा यायचा आणि मी मनात म्हणायची, किती सुंदर. वर्गात कुणी ‘सुंदर’ म्हटलं असतं तर मी तिला झापलं असतं. स्वतःचं विशेषण मात्र मला ऐकू आलं नाही. गंगाधररावांची आठवण काढून मी वाट बघत होते, की एक दिवस ही म्हणेल, आज हात गेला नाही.

दुकानातलं मला सुरेखाकडून कळायचं. शाहीनचा डावा हात गिऱ्हाइकाचा हात सोडत नव्हता. एका नवरीचा चुडा भरून झाला, पैसे देऊन झाले, तरी हात धरलेलाच. शेवटी नवरीच्या आईनं एकेक बोट सोडवलं. काही बायका दुकानात यायच्या बंद झाल्या. काही मुद्दाम नवऱ्या घेऊन यायला लागल्या, अम्मा सुनेच्या हातात आल्यात, त्यांचा हात लागला की संसार टिकतो म्हणून. हमीदभाईंनी बायकोच्या दंडाला ताईत बांधला होता. तो वर्गातही दिसायचा. मी तो बघितला आणि काही म्हटलं नाही. मी काहीच म्हणत नव्हते ना.

मग तो शुक्रवार आला. साडेअकरा झाले असतील, खिडकीतून ऊन आत आलं होतं. मी बायकांमधून हळू चालत होते आणि चालता चालता शाहीनच्या डाव्या बाजूला आले. तिच्या हातानं माझा हात धरला.

तिनं बोटं गोळा केली, अंगठा माझ्या तळव्यात रुतवला, आणि हाडं एकावर एक चढवून ती दाबायला लागली. शाहीनचं तोंड खिडकीकडं होतं. तिचा उजवा हात आपल्या तंद्रीत वरखाली होत होता. मी हळूच म्हटलं, “शाहीन, सोड.”

तिनं वळून आधी हाताकडं बघितलं, मग माझ्याकडं. “म्या न्हाई धरलं, बाई.”

“मग सोड ना.”

“मी बघून राहिले. सोडंल त्ये. लई टाइम घेतंय आताशा.”

मी हात ओढला तशी पकड आणखी घट्ट झाली. मला दुखायला लागलं होतं. पण मी घाबरले ती दुखण्यानं नाही, तिच्या चेहऱ्यानं. दुसऱ्याच्या घरातलं भांडण खिडकीतून बघावं तशी ती स्वतःच्या हाताकडं बघत होती. कपाळावर एक आठी नव्हती, घाम नव्हता. माणसाचा हात माणसाचं ऐकत नाही आणि माणूस शांत उभा आहे. ती शांतता मी शिकवली होती. मंगळवार-शुक्रवार, चाळीस-चाळीस मिनिटं, मी तिची भीती थोडी थोडी करून काढून टाकली होती.

सुरेखानं येऊन माझा हात सोडवला. आम्ही गोलात बसलो. शाहीनची पाळी आली तशी ती म्हणाली, “डाव्या हातानं बाईंचा हात धरला.” सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. माझ्या पंजावर तिची बोटं उमटलेली होती. आणि मी, काय सांगू, मी वहीत लिहिलं आणि म्हटलं, “पुढची.”

परतीच्या बसमध्ये मी वही उघडली. एरवी मी तारखेनं वाचायची, सगळ्यांची वाक्यं एकत्र. त्या दिवशी फक्त शाहीनची वाचली, खांद्याची सोडून बाकीची, एकाखाली एक.

माझा डावा हात मागे राहिला.
डाव्या हाताने कुणाचा तरी हात धरला.
मी थांबले, हात थांबला नाही.
हाताला सोड म्हणून सांगितलं, त्याने ऐकलं नाही.
उजव्या हाताने कुंकवाची डबी ठेवली, डाव्याने उचलली.
डावा हात माझ्याकडे बघत होता.
डावा पाय पण आता त्याच्या बाजूने आहे.

कुंकवाच्या डबीचं वाक्य वाचून मी थांबले. शाहीन कुंकू लावत नाही, शेजारी बसणाऱ्या बाईचं वाक्य मी चुकून तिच्या नावावर लिहिलं होतं का, असं वाटलं. मग आठवलं, दुकानात गिऱ्हाइकांसाठी डब्या ठेवलेल्या असतात. ती दुकानातली गोष्ट वर्गात सांगत होती. ती मदत मागत होती, आणि तिला दुसरी भाषा नव्हती, कारण ‘मला भीती वाटते’ हे वाक्य मी बाद केलेलं होतं. सात महिन्यांची वाक्यं होती ती. अहमदपूर गेलं, लोहा आलं, आणि भर दुपारी त्या बसमध्ये मला हुडहुडी भरली. आपण एका बाईला हळूहळू दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात जाताना बघत होतो आणि दरवेळी तारीख घालत होतो. तो दुसरा कोण हे मला तेव्हाही माहीत नव्हतं. मी अंधश्रद्धाळू नाही, पण त्या बसमध्ये माझ्या डाव्या बाजूची सीट रिकामी होती आणि मी ती पिशवी ठेवून भरली.

दुसऱ्या दिवशी शनिवार, वर्गाचा वार नव्हता. तरी सकाळच्या बसनं मी लातूरला गेले आणि सरळ दुकानात शिरले. शाहीन आत गादीवर बसली होती, डावा हात मांडीखाली दाबून. हमीदभाई मला बघून उठले नाहीत.

“मॅडम, राग मानू नका,” ते म्हणाले. “पन ह्ये तुमच्या वर्गातून आलंय घरात. डोळे मिटून बाया फिरतात, आतली दारं उघडी ऱ्हातात. कोनबी शिरंल. सोमवारी हिला घेऊन चाललोय. एक बाबा हायेत वळखीचे, चाळीस दिवस ठिवून घेतो म्हनलेत.”

“हमीदभाई, आधी डॉक्टरला दाखवू.”

“कशाला?” हे शाहीन म्हणाली. “मला कायबी तरास न्हाई बाई. तुमीच सांगितलंय, नुस्तं बघायचं. मी बघून राहिले.”

माझंच शिकवलेलं माझ्यापुढं आलं. तिला पटेल असं एकच काहीतरी होतं आणि ते बोलायला मला जड गेलं. तेरा वर्षं मी तो शब्द कुणाच्या शरीराबद्दल उच्चारला नव्हता.

“शाहीन, हे वाईट आहे,” मी म्हटलं. “मी चुकले. हे बघत बसायचं नव्हतं. मला भीती वाटते आहे.”

तिनं मान वर केली. “तुमाला भीती वाटून राहिली?”

“हो. फार.”

तिचा चेहरा हळूहळू बदलला. ओठ थरथरले, मग हनुवटी, मग ती रडायला लागली. डावा हात मांडीखालून निघाला आणि त्यानं तिचीच ओढणी मुठीत धरली, आणि ती किंचाळली नाही पण तोंड फिरवून त्याच्यापासून लांब सरकायला लागली, जसं कुणी साप बघून सरकतं. हात तिच्याबरोबरच सरकत होता. मी ते दृश्य विसरू शकत नाही. हमीदभाईंनी पुढं होऊन ती मूठ दोन्ही हातांनी सोडवली. मग मला म्हणाले, “सात महिन्यात ही एकदाबी घाबरली न्हवती मॅडम. तेचंच मला भ्या वाटत होतं. चला, कुठं जायचं?”

डॉक्टर तरुण होते. त्यांनी शाहीनला चालायला लावलं, तिच्या डाव्या तळव्यावरून पेन फिरवलं, आणि हातानं ते पेन धरलं ते सोडलं नाही. मग मी वही पुढं केली. त्यांनी उभ्या उभ्या सगळी वाक्यं वाचली.

“तुम्ही नर्स आहात का?”

“नाही. नाच शिकवते.”

“इतकं नीट लिहिलेलं आमच्याकडं कुणी आणत नाही,” ते म्हणाले. “हे आधी कुणाला का नाही दाखवलं?”

मी वही परत घेतली. मेंदूचा फोटो काढला, त्यात गाठ दिसली, दोन भागांच्या मधोमध, उजवीकडं दाबणारी. साधी गाठ होती, पण वाढत वाढत मोठी झाली होती. हात आपोआप धरतो, सोडत नाही, आपला वाटत नाही, हे सगळं त्यानंच होतं असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. सोलापूरला ऑपरेशन झालं. जीव वाचला. डावा पाय ओढावा लागतो, आणि डाव्या हातात आता पकड अशी राहिली नाही. चार महिने आधी आणलं असतं तर, असं म्हणून सर्जन थांबले. पुढचं वाक्य मी मनात कितीतरी वेळा पूर्ण केलं आहे.

शाहीन परत बांगड्या भरू शकली नाही.

लातूरचा वर्ग मी बंद केला. नांदेडचा चालू ठेवला, पण रीत बदलली. गोलात वाक्य झालं की शेजारणीनं एक प्रश्न विचारायचाच, असा नियम केला. जुन्या बायका कुरकुरल्या, वर्गाची मजा गेली म्हणाल्या. असेल. निकाल न लावता बघणं ही मोठी गोष्ट आहे, यावर माझा आजही विश्वास आहे. पण न विचारता बघणं म्हणजे तेच, असं मी धरून चालले होते. बघणाऱ्याला दुसऱ्याची काळजीच नसली तर त्याचं बघणंही तसंच दिसतं. गुडघ्यानं यंदा पुरतीच साथ सोडली, तेव्हा हॉलची किल्ली परत केली आणि निवृत्त झाले.

निवृत्तीनंतर एक दिवस शाहीनला भेटायला गेले. दुकान चालू होतं. आता तिची सून बांगड्या भरते आणि शाहीन बाजूला खुर्चीवर बसून तिला सांगते, अंगठा खाली घे, हाड दाबू नको, सरकव. डावा हात मांडीवर उताणा ठेवलेला होता. तिनं मला बसवलं आणि चहा मागवला. माझ्यावर तिचा राग नाही. असता तर मला सोपं गेलं असतं.

चहा पिऊन झाला आणि मी विचारलं. विचारायला म्हणूनच गेले होते बहुतेक.

“शाहीन, तो हात कुणाचा होता?”

तिला कोणता हात हे विचारावं लागलं नाही. “अम्माचा न्हवता,” ती म्हणाली. “सगळे अम्माचा म्हनत होते. अम्माचा हात मी हजारदा धरलाय, मला कळत न्हाई व्हय? ह्यो बारका होता. गरम होता. रोज त्योच असायचा.”

“डॉक्टर म्हणतात, ते गाठीमुळं वाटत होतं.”

“हाव. गाठीमुळंच. गाठ काढली, त्यो गेला.” तिनं उजव्या हातानं डाव्याची बोटं एकेक करून मिटवली. ती आपोआप परत उघडली.

“मग कुणाचा होता?”

तिनं आपल्या तळव्याकडं बघितलं. सून एका गिऱ्हाइकाचा हात धरून थांबली होती, तीही ऐकत होती.

“आता न्हाई आठवत, बाई,” शाहीन म्हणाली. “तवा ठावं होतं. नावासकट ठावं होतं. मी वाट बघायची, तुमी विचारता का म्हनून.”